आपल्या पायांनी आलेला पेशंट

एका मोठ्या हॉस्पिटलनं मला दोन वेळा दारातून परत पाठवलं, कारण मी पुरेसा आजारी दिसत नव्हतो. मेलेल्या माणसाचा राग त्याच्याबरोबर जळून जातो. मी जिवंत आहे, म्हणून माझा राग शाबूत आहे, आणि तो मी कोणाला स्वस्तात देणार नाही.

मी बैलांचा दलाल. जन्म अल्लीपूरचा. घरी शेत नव्हतं, तेव्हा पोरवयातच लोकांचे बैल हाकत बाजारोबाजार पायी फिरलो आणि फिरता फिरता धंदा शिकलो. पुढे आर्वीला बिऱ्हाड केलं, स्वतःची दावण बांधली. गवळाऊ जातीची पांढरी जोडी घ्यायची तर लोक आधी मला विचारायचे, इतपत नाव कमावलं. कोणी हात धरून वर आणलं नाही, त्यामुळे कोणाचं ऐकून घ्यायची सवयही लागली नाही.

आमच्या धंद्यातल्या दोन गोष्टी आधीच सांगतो. बाजाराच्या सकाळी एकूण एक बैल देखणा असतो. शिंगांना तेल, अंगावर झूल, पोटात सरकीची ढेप. म्हणून जाणता माणूस नुसता बघून बैल घेत नाही. तो बैलाला भरलेल्या गाडीला जुंपतो, गाडीची चाकं दोरानं बांधतो आणि मग हाकतो. चाक फिरत नाही, गाडी फरफटत न्यावी लागते. दमाची खोड असेल तर ती तिथं उघडी पडते. दुसरी गोष्ट भावाची. तोंडानं बोलला जातो तो आकडा चारचौघांसाठी. विकणारा दुप्पट सांगतो, घेणारा अर्धा, आणि दोघांचंही कोणी खरं धरत नाही. खरा आकडा खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली ठरतो. दोघांनी हात आत घालायचे आणि जितका आकडा तितकी बोटं दाबायची. तिथं जो खोटं बोलला त्याला बाजारात पुन्हा कोणी हात देत नाही.

आणीबाणी उठली त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. मी चाळिशीत होतो आणि अंगानं तालमीतल्या माणसासारखा होतो. दुखणं एकच, डोक्याचं. बाजाराचा दिवस आला की दुपारपासून कपाळाच्या दोन्ही बाजू ठणकायला लागायच्या. किराणा दुकानात डोकेदुखीच्या पांढऱ्या गोळ्या मिळत. दुसऱ्यांच्या खिशात सुपारी-तंबाखू असायची, माझ्या खिशात गोळ्यांची पुडी. एक चघळली की तासभर बरं वाटायचं. हळूहळू बाजार नसलेल्या दिवशीही हात खिशात जायला लागला. सगळे म्हणत, याचं डोकं रागानं दुखतं. बायको तर तोंडावर म्हणायची, “अजी, भांडणं कमी करा, गोळ्या आपोआप कमी लागतीन.” मी दुप्पट चिडायचो आणि आणखी एक घ्यायचो.

तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा साळा, तेव्हा एसटीत ड्रायव्हरकीसाठी धडपडत होता. गाडी चालवण्याची परीक्षा पास झाला आणि डॉक्टरी तपासणीसाठी त्याला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात बोलावणं आलं. आधाराला मी बरोबर गेलो. व्हरांड्यात वीस-पंचवीस पोरं हातात रिकाम्या बाटल्या घेऊन उभी. आमचा हा वीर बाटली घेऊन कोपऱ्यात घाम पुसत होता.

“काऊन रे, होऊन नाई राह्यली का?” मी विचारलं.

“भाऊजी, मले लहानपणी लाल लघवी झालती. आई म्हणे अंगातली गर्मी हाय. पण आता याईनं ते पकडलं तं?”

“इतक्या वर्षांनी काय पकडतीन?”

“याईचं काई सांगता येते का! तुमीच द्या ना भरून. तुमी तं वाघ हा. वाघाची लघवी कोन नापास करन?”

बाजारात एक बैल ताकदीचा आणि एक ढिला अशी जोडी असली की विकणारा ताकदीचा बैल पुढे धरतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाघ म्हटल्यामुळे तर नाहीच. बाटली भरून दिली.

थोड्या वेळानं खिडकीतून नावं पुकारली गेली. साळ्याचं डोळ्यांचं ठीक, छातीचं ठीक, आणि लघवीत दोष. सध्या नापास, उपचार करून पुन्हा दाखवा.

माझं डोकं फिरलं. मी खिडकीवर गेलो आणि आतल्या बाबूला म्हणालो, “तुमची तपासणी खोटी हाय. हे लघवी खराब निघूच शकत नाई!”

“का बरं निघू शकत नाही?”

यावर मला काय बोलता येणार? साळा मागून माझा सदरा ओढत होता. मी खिडकीवर एक बुक्की मारली आणि निघालो. आयुष्यात माझा मुद्दा मला खरा वाटत असून गप्प बसायची पाळी तेवढी एकदाच आली.

आमच्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तीन-चार वर्षांपूर्वी एक तरुण डॉक्टरीण बाई बदलून आल्या होत्या. सरकारी तपासणी खोटी होती एवढं त्यांच्याकडून लिहून घ्यायचं आणि तो कागद त्या बाबूच्या तोंडावर मारायचा, असा माझा बेत. दुसऱ्या दिवशी साळ्याला घेऊन गेलो. एक बाटली माझी, एक त्याची. बाईंना म्हणालो, “दोन्ही याच्याच. माझ्यासमोर करा. मी समोर पाह्यल्याशिवाय काई मानत नाई.”

बाईंनी हसून स्पिरिटचा दिवा पेटवला. काचेच्या एका नळीत थोडी लघवी ओतली, नळी तिरपी धरून वरचा भाग ज्योतीवर तापवला. उकळी आली, लघवी तशीच स्वच्छ राहिली. दुसरी नळी घेतली. वरचा भाग उकळायला लागला आणि त्यात ढग उठला. पाहता पाहता दूध नासल्यासारखं पांढरं झालं.

“थांबा,” बाई म्हणाल्या, “कधीकधी क्षारांमुळेही असं होतं. आम्लाचे थेंब टाकले की ते विरघळतं.” त्यांनी थेंब टाकले. पांढरं विरघळलं नाही. उलट जास्तच घट्ट झाल्यासारखं दिसलं.

“एकाच माणसाच्या दोन बाटल्या अशा निघत नाहीत,” बाई म्हणाल्या. “ही कोणाची?”

मी साळ्याकडे बोट केलं. बाईंनी रिकामी बाटली त्याच्या हातात दिली. “मागे जा आणि आत्ताची घेऊन या.” तो घेऊन आला. तापवली. झऱ्याच्या पाण्यासारखी!

“मग ही पांढरी कोणाची?”

साळा ओरडलाच, “भाऊजीची! बाई, मी पास हाय ना? भाऊजीची खराब हाय, माझी नाई!” आणि नाचायला लागला. बहिणीचा नवरा समोर उभा आहे, त्याच्या अंगातून काहीतरी पांढरं वाहून चाललं आहे, आणि हा नाचतोय. मी चप्पल काढली होती. बाईंनी मला खुर्चीत बसवलं आणि दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा गुंडाळला. एकदा मोजला. पुन्हा मोजला.

“डोकं दुखतं का तुमचं?”

“कधीमधी.”

“गोळ्या घेता?”

“एखादी.”

बाजारातली सवय. कोणी आकडा विचारला की तोंडातून अर्ध्याहूनही कमी निघतो.

बाईंनी समजावून सांगितलं. किडनी म्हणजे शरीराची गाळणी. तिची वीण सैल झाली की रक्तातलं चांगलं सत्त्व लघवीतून जायला लागतं. ती दुखत नाही, कण्हत नाही. माणूस जेवतो, हिंडतो, भांडतो, आणि आत ती बसत जाते. सूज येते, लघवी कमी होते, तोवर फार थोडं उरलेलं असतं. “तुमचं आत्ता कळलंय, हे तुमचं नशीब,” त्या म्हणाल्या. मला नशिबापेक्षा बैल आठवला. बाजाराच्या सकाळचा, तेल लावलेला. कोणीतरी चाक बांधलं होतं आणि माझी खोड उघडी पडली होती.

बाईंनी सकाळची लघवी पुन्हा मागवून तपासली. तीच गत. मग शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातल्या किडनीच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली. मी पहिल्या गाडीनं गेलो.

डॉक्टरांच्या खोलीबाहेर टेबल टाकून एक शिकाऊ डॉक्टर बसला होता. आत कोणाला सोडायचं ते तो ठरवायचा. त्यानं चिठ्ठी वाचली, मला वरून खाली पाहिलं.

“तुम्ही चालत आलात?”

“मंग काय उडून येऊ?”

“पाय दाखवा.” अंगठ्यानं नडगी दाबली. खड्डा पडला नाही. “लघवी होते?”

“भरपूर.”

“मग इथं कशाला आलात? आत जागा नाही, खरे आजारी लोक पडलेत. अंगावर सूज आली, लघवी कमी झाली की या.”

“अन् चिठ्ठी?”

“खेड्यातून रोज येतात अशा चिठ्ठ्या.”

माझ्या शेजारी बाकावर सिंदीकडचा एक शेतकरी बसला होता. बसला कसला, लेकाच्या खांद्यावर टेकला होता. चेहरा सुजलेला, पाय खांबासारखे, बोलताना धाप. त्याला पाहताच त्या पोरानं चिठ्ठीसुद्धा मागितली नाही. स्ट्रेचर आलं, दार उघडलं. दोन माणसं त्याला आत घेऊन गेली आणि दार माझ्या तोंडावर बंद झालं.

आर्वीला परतलो तो थेट बाईंच्या टेबलावर चिठ्ठी आपटली. “तुमचा माल शहरात चालत नाई, बाई.”

त्यांचा चेहरा पडला. मग त्याही चिडल्या, आणि तेव्हापासून मला त्यांच्याबद्दल आदर वाटायला लागला. “मी पाठवलेले लोक असेच परत येतात,” त्या म्हणाल्या. “दिसायला धडधाकट म्हणून परत. मग तेच लोक वर्ष-दोन वर्षांनी बैलगाडीत घालून माझ्याकडे आणतात. शेवटी मी चिठ्ठ्या देणंच बंद केलं होतं. तुम्हाला दिली, कारण वाटलं, तुम्ही भांडाल.”

“मी भांडलो नाई असं कोन म्हणते?”

त्यांनी दुसरी चिठ्ठी लिहिली, लांबलचक. रक्तदाब किती, लघवी कितीदा तपासली, सगळं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू केल्या आणि मीठ तोडलं. विदर्भातल्या माणसाचं मीठ तोडणं म्हणजे काय! ठेचा गेला, लोणचं गेलं, भाकरीवर पाणी शिंपडून खाल्ल्यासारखं जेवण झालं.

दुसऱ्यांदा साळ्याला घेऊन गेलो, साक्षीदार म्हणून. टेबलावर तोच पोरगा. त्यानं चिठ्ठी उघडली, अर्धी वाचली, घडी केली. “तुम्हाला सांगितलं होतं ना, सूज आल्यावर.”

“सूज कधी येईन?”

“ते काय मी सांगू?”

“बैल मेल्यावर दात मोजता का तुमी?” मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की शिपाई धावत आला. साळा त्याला म्हणत होता, “यायले राग येते जरासा. पण यायची लघवी खरंच खराब हाय, देवाशपथ.” दोघांनाही फाटकाबाहेर काढलं.

फाटकाजवळ झाडाखाली तो सिंदीकडचा पोरगा बसला होता, बापाला टेकू देणारा. एकटाच. जवळ अंथरुणाची वळकटी आणि एक जर्मनचा डबा. मी विचारायच्या आधीच त्यानं मान हलवली, बाप गेला होता.

“काय म्हणाले डॉक्टर?” माझ्या तोंडून निघालं.

“मोठे डॉक्टर चांगले होते. म्हणाले, आता काई हातात उरलं नाई. लवकर आणायले पाह्यजे व्हतं.” मग तो माझ्याकडे पाहून म्हणाला, “पण काका, लवकर म्हंजे कधी? बापू तं वखर चालवून राह्यले व्हते.”

परतीच्या एसटीत मी त्या पोराचं बोलणं मनात घोळवत राहिलो. त्याच्या बापाला म्हणाले लवकर का नाही आणलं. मला म्हणाले लवकर का आलास. दार तेच, आणि त्या दाराची रीत अशी की उपाय संपला की ते उघडायचं. त्या दिवशी प्रथमच मला भीती वाटली. सूज यायची वाट पाहत मी घरी बसायचं आहे, हे मला कळलं. सकाळी उठलो की आरशापुढे उभा राहून डोळ्यांखाली बोट दाबून पाहायचो. बायको एकदा मागे उभी होती. म्हणाली, “अजी, आता मी येतो संगं. तुमाले भांडता येते, मले हटून बसता येते.” आमच्याकडे बायकाही ‘येतो’, ‘जातो’ म्हणतात. ती म्हणाली की ते झालंच असं समजायचं.

तिसऱ्या खेपेला बायको, साळा आणि मी टेबलाकडे गेलोच नाही. बाईंकडून कळलं होतं की किडनीचे मोठे डॉक्टर ठरावीक वारी स्वतः बसतात आणि मधल्या सुट्टीत चहाला बाहेर येतात. बायकोनं दाराशी फतकल मारली. शिपाई म्हणाला उठा, ती म्हणाली पाय धरला. शिकाऊ डॉक्टर म्हणाला उठा, ती म्हणाली दुसराही धरला. एवढ्यात दार उघडलं आणि पिकल्या केसांचे, बुटके, थकलेले डॉक्टर बाहेर आले. मी त्यांच्या वाटेत आडवा उभा राहिलो.

“साहेब, एक सौदा करतो.”

“कसला सौदा?”

“मी बैलाचा दलाल. आमी बैल बघून घेत नाई, चाकं बांधून घेतो. तुमचा हा पोरगा मले दोनदा नुसता बघून वापस धाडून राह्यला. तुमी माझी एक नळी तापवून पाहा, तुमच्या हातानं. पांढरी झाली नाई तं पुन्हा या फाटकात पाय ठेवणार नाई, हे माझी बायको साक्षीले. झाली, तं मले तपासा. अन् आमच्या डॉक्टरीण बाईच्या चिठ्ठीवर जो कोनी येईन, त्यालेबी चालत आला म्हणून वापस धाडायचं नाई.”

“म्हणजे एका पेशंटच्या बदल्यात सगळेच?”

“एका बैलासाठी मी एवढ्या दूर येत नाई, साहेब.”

डॉक्टर त्या पोराकडे वळले. त्यानं मागच्या खेपेला टेबलावरच राहिलेली बाईंची चिठ्ठी पुढे केली, ती त्यांनी उभ्याउभ्याच पूर्ण वाचली. नंतर मला म्हणाले, “चला. आधी नळी तर पाहू.”

आत त्यांनी स्वतः दिवा पेटवला. मी आयुष्यात कितीतरी सौदे जिंकले, पण माझाच माल खराब निघावा म्हणून देवाला हात जोडले ते तेवढे एकदाच. ढग उठला. थेंब टाकले, ढग हलला नाही. घट्ट, कवडीच्या दह्यासारखा. मी बायकोकडे पाहिलं. ती रडत होती आणि मी मिशीला पीळ देत होतो!

डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, डोळ्यांत बॅटरी धरून पाहिलं, रक्त काढायला सांगितलं. मग बराच वेळ प्रश्न. लहानपणी घसा, खरूज, मुतखडा? बापाला काही? साखर? सगळ्याला नाही. ते पेन टेकवून विचार करत राहिले. “कारण सापडत नाही,” म्हणाले. “काही औषध घेता का नेहमी? वैद्याची भस्मं? गोळ्या?”

“डोकं दुखलं तं एखादी.”

“एखादी म्हणजे? दिवसाला? आठवड्याला?”

बायको शेजारी बसली होती, साळा दारात उभा होता. तिला मी आठवड्याला दोन सांगितल्या होत्या. तोंडानं खरं बोलणं मला जमेना. पण खोटं बोलून सौदा मोडेल हेही दिसत होतं. मी खांद्यावरचा दुपट्टा काढला, टेबलावर डॉक्टरांच्या हातावर टाकला आणि त्याखाली त्यांचा हात धरला.

ते दचकले. मग दुपट्ट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला नाही. मी त्यांची चार बोटं दाबली. थांबलो. मग आणखी दोन.

“रोज?” त्यांनी हळूच विचारलं.

मी मान डोलावली.

“किती वर्षं?”

पुन्हा बोटं दाबली. त्यांनी दुपट्टा बाजूला केला आणि खुर्चीला टेकून बसले. त्यांचा चेहरा हरवलेलं जनावर सापडल्यासारखा झाला होता. “तुमचं डोकं रागानं दुखत नाही,” ते म्हणाले. “रक्तदाबानं दुखतं. त्यासाठी ज्या गोळ्या तुम्ही खाताय, त्या किडनी खातात. किडनी बिघडली की रक्तदाब आणखी चढतो, आणि डोकं आणखी दुखतं. चक्र आहे हे. आजपासून ती पुडी बंद.”

“अन् माझी किडनी?”

“रक्ताचा रिपोर्ट येऊ द्या.”

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. रात्र आम्ही तिघांनी धर्मशाळेत काढली. डॉक्टरांनी कागद वाचला आणि शिकाऊ डॉक्टरलाही आत बोलावून घेतलं. म्हणाले, “झीज झालीय, पण काम भागण्याइतकी किडनी शाबूत आहे. गोळ्या सुटल्या, रक्तदाब ताब्यात राहिला, तर ही वर्षानुवर्षं टिकेल. सूज येईपर्यंत थांबले असते, तर माझ्याकडे यांना द्यायला फक्त एक खाट उरली असती.”

मी त्या पोराकडे वळलो. “ऐकलं का, साहेब?” त्यानं खाली पाहिलं. तो माफी मागेल म्हणून मी चांगला वेळ उभा राहिलो. त्यानं मागितली नाही. ते मी धरून ठेवलं आहे.

पण मोठ्या डॉक्टरांनी सौदा पाळला. त्यांनी बाईंना स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. दोनदा लघवी पांढरी निघाली आणि रक्तदाब चढा असला, तर तो माणूस ठरलेल्या वारी पाठवा, तो चालत येवो की पळत. बाकीच्यांचं तुमच्याकडेच कसं सांभाळायचं, तेही त्यात होतं. पत्र वाचताना बाई उभ्या राहिल्या होत्या. त्यानंतर एक गंमत झाली, जिचा मी विचार केला नव्हता. मला वाटलं होतं, आता गाड्या भरभरून लोक शहरात जातील. झालं उलटं. बाई दिवा पेटवून आधी इथंच निवड करायच्या. पुष्कळांचं मीठ तोडून, गोळ्या देऊन, खरूज-घसा बरा करून इथंच भागायचं. ज्याला खरंच गरज, तोच जायचा, आणि वेळेवर जायचा.

मी बाजारात गप्प बसलो असतो तर मी मीच नसतो. दलालांपैकी कोणाच्या खिशात पांढऱ्या गोळ्यांची पुडी दिसली की मी ती हिसकून ढेपेच्या पाण्यात टाकायचो. त्यावरून मारामाऱ्या झाल्या. माझा एक जुना वैरी होता, देवळीकडचा, दोनदा माझं गिऱ्हाईक तोडलेला. त्याला मी सगळ्यांसमोर म्हणालो, “माझी नळी पांढरी निघाली. तुझी निघत नाई असं म्हणतं, तं दाखव करून. का हिंमत नाई?” बाजारात असं आव्हान कोणी सोडत नाही. तो तरातरा बाईंकडे गेला. त्याचीही पांढरी निघाली. चिठ्ठी घेऊन शहरात गेला, परत आला, आणि आजपर्यंत माझ्याशी नीट बोलत नाही. पण बाजारात येतो, स्वतःच्या पायांनी.

साळा पुन्हा तपासणीला गेला, स्वतःची बाटली स्वतः भरून, आणि पास झाला. पुढे त्याला आर्वी डेपो मिळाला आणि नेमकी शहराची गाडी मिळाली. त्यामुळे ऐंशीच्या दशकात मी तपासणीला जायचो तो त्याच्याच मागच्या सीटवर बसून. आणि दर खेपेला हा माणूस स्टिअरिंग धरून साऱ्या बसला ऐकवायचा, “हे आमचे भाऊजी. मी नसतो तं आज भिंतीवर फोटोत असते. हार घातलेल्या!”

“समोर पाह्य, बयताडा,” मी म्हणायचो. “नाईतं सारी बस फोटोत जाईन.”

असाच एकदा निघालो होतो. पुलगावच्या फाट्यावर एक गडी चढला. उंचापुरा, बैलाच्या जोखडासारखे रुंद खांदे, हातात बाईंची चिठ्ठी. माझ्या शेजारी बसला आणि कुरकुरायला लागला. “मले काईच झालं नाई, भाऊ. कामाचा दिवस मोडला. सूज नाई, ताप नाई, उगाच त्या बाईनं धाडलं.”

“डोकं दुखते का?”

“ते तं साऱ्याईचंच दुखते.”

मी त्याच्या वरच्या खिशावर हात ठेवला. पुडी होतीच. काढून खिडकीबाहेर फेकली. तो भांडायला उठला, साळ्यानं आरशातून पाहिलं आणि ओरडला, “बसा जी खाली! ते माझे भाऊजी हाय, त्याईची लघवीच माझ्यापायी…” सारी बस हसली. तो माणूस फुगून बसला तो शहर येईपर्यंत.

हॉस्पिटलात त्याला मीच त्या दारापर्यंत नेलं. टेबल तेच होतं, मागे बसलेला शिकाऊ डॉक्टर कोणी दुसराच, मिसरूड फुटलेला. त्यानं चिठ्ठी पूर्ण वाचली. मग त्या धिप्पाड, रागावलेल्या, काहीच न झालेल्या माणसाकडे वर पाहिलं.

“चालत आलात?” त्यानं विचारलं.

माझी मूठ आपोआप वळली.

“बरं केलंत,” तो म्हणाला. “बसा. आता आत घेतो.”